नयकुंड ते लोणार : अल्पायुषी अणुकेंद्रकांचा नकाशा घेऊन

विदर्भाच्या जमिनीतून लोखंड निघते, मँगनीज निघते, कोळसा निघतो आणि पश्चिमेकडे गेले की काळ्या बेसॉल्टचे थर लागतात. ही मूलद्रव्ये येथे येण्यापूर्वी कोणत्या रूपात होती, हा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकात येत नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात तर ती अनादि असल्यासारखी भेटतात. वास्तविक त्यांतील अनेकांचा जन्म ताऱ्यांमध्ये अशा अणुकेंद्रकांच्या रूपाने झाला, जी आज आपल्या मातीत उरलेली नाहीत, कारण ती काही दिवसांत, काही क्षणांत किंवा सेकंदाच्या सहस्रांशांत दुसऱ्या केंद्रकांत रूपांतरित होतात. ती प्रयोगशाळेत नव्याने निर्माण करून, त्यांचा किरणोत्सारी आयन झोत तयार करून त्यांचे गुणधर्म तपासणे हे माझ्या अभ्यासाचे क्षेत्र आहे. ज्या गावाच्या जमिनीतून जे निघते, त्या गावच्या शाळेत त्याच मूलद्रव्याचा पूर्वेतिहास सांगावा, अशा हेतूने मी आणि माझ्या परिचयाचे एक विज्ञानशिक्षक डिसेंबरच्या थंडीत नागपूरहून निघालो.

आमच्याबरोबर कापडावर छापून घेतलेला अणुकेंद्रकांचा एक मोठा नकाशा होता. त्यात आडव्या दिशेने न्यूट्रॉनांची संख्या वाढत जाते आणि उभ्या दिशेने प्रोटॉनांची. प्रत्येक चौकोन म्हणजे एक केंद्रक. काळे चौकोन स्थिर केंद्रकांचे. ते जेमतेम अडीचशे आहेत आणि एका अरुंद पट्ट्यात उभे आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना रंगीत चौकोन आहेत. ती प्रयोगशाळांत आजवर पाहिलेली अस्थिर केंद्रके असून काळ्यांसह त्यांची संख्या ३,००० च्या वर जाते. त्यांच्याही पलीकडे कोरा प्रदेश आहे, कारण सिद्धांताप्रमाणे सुमारे ७,००० केंद्रके क्षणभर तरी बांधलेली राहू शकतात. शाळेत शिकवले जाणारे जवळजवळ सर्व काही त्या अरुंद काळ्या पट्ट्यावर आधारलेले आहे. या नकाशात सर्वांत आधी मुलांना हेच दिसावे, अशी माझी इच्छा होती.

सोमवार : नयकुंड, नागपूर जिल्हा

पेंच नदीकाठचे नयकुंड हे महापाषाणयुगीन शिळावर्तुळांसाठी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित आहे. येथील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली असून ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. सकाळी आम्ही ती वर्तुळे पाहिली आणि दुपारी जवळच्या शाळेच्या ओसरीत नकाशा टांगला.

त्या भट्टीत गाळले गेलेले लोखंड मुख्यतः लोह-५६ होते, म्हणजे २६ प्रोटॉन आणि ३० न्यूट्रॉन असलेले केंद्रक. मात्र ताऱ्याच्या स्फोटात ते बहुतांशी लोह म्हणून जन्माला येत नाही. स्फोटाच्या वेळी अतितप्त द्रव्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळजवळ समसमान असतात आणि केंद्रके इतक्या झपाट्याने जुळतात की प्रोटॉनचा न्यूट्रॉन होण्यास लागणारा वेळच मिळत नाही. त्यामुळे तयार होते ते निकेल-५६, ज्यात २८ प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉन असतात. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातील निम्मे संपण्यास लागणारा काळ, सुमारे सहा दिवसांचा. त्यापासून कोबाल्ट-५६ होते, त्याचे अर्धायुष्य ७७ दिवसांचे, आणि त्यानंतर लोह. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी दिसलेल्या अतिनवताऱ्याकडून, म्हणजे स्फोट होऊन झळकलेल्या ताऱ्याकडून, कोबाल्ट-५६ चे विशिष्ट ऊर्जेचे गॅमा किरण त्याच वर्षी उपग्रहावरील उपकरणाने टिपले, तेव्हा या साखळीचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. अतिनवतारा आठवडे-महिने झळकत राहतो, तोही मुख्यतः या विघटनांतून मिळणाऱ्या ऊर्जेवर.

नववीतील एका मुलीने लगेच विचारले, "मॅडम, सहा दिवसांत अर्धे संपते, तर त्याच्यावर प्रयोग करायला ते ठेवता कुठे?" या संपूर्ण शास्त्राचे दार याच प्रश्नातून उघडते, म्हणून मी तेथे बराच वेळ थांबले. नेहमीच्या प्रयोगात तपासायच्या पदार्थाचा पातळ पत्रा करतात आणि त्यावर प्रोटॉनांचा मारा करतात. ज्याचे आयुष्य दिवसांचे किंवा त्याहून कमी आहे, त्याचा पत्रा करता येत नाही. म्हणून भूमिका उलटवतात. दुर्मीळ केंद्रकालाच वेग देऊन त्याचा झोत करतात आणि प्रोटॉनांना, म्हणजे हायड्रोजनयुक्त पदार्थाला, जागच्या जागी लक्ष्य म्हणून ठेवतात. टक्कर तीच असते. फक्त कोण धावतो आणि कोण थांबतो, हे बदलते. जर्मनीतील डार्मश्टाट येथील जी.एस.आय. प्रयोगशाळेत निकेल-५६ च्या झोतावर असाच प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

२८ ही अणुकेंद्रकांतील जादुई संख्यांपैकी एक आहे. २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ या संख्यांना केंद्रकातील कवचे पूर्ण भरतात, याचे स्पष्टीकरण मारिया गोपर्ट मेयर आणि हान्स येन्सेन यांनी १९४९ मध्ये स्वतंत्रपणे दिले आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. निकेल-५६ मध्ये दोन्ही संख्या जादुई असल्यामुळे त्याला पहिल्या उत्तेजित पातळीवर नेण्यास २.७ मेगा-इलेक्ट्रॉन व्होल्ट (केंद्रकांच्या ऊर्जेचे नेहमीचे माप) ऊर्जा लागते. अवघे दोन न्यूट्रॉन जास्त असलेल्या स्थिर निकेल-५८ ला जवळपास १.४५ पुरते. तरीही झोताच्या प्रयोगांतून असे आढळले की या केंद्रकाचा गाभा पूर्ण बंद नाही. त्यात अपेक्षेपेक्षा अधिक हालचाल आहे. जादुई संख्येचा नियम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, याची पहिली चुणूक मुलांना नयकुंडलाच मिळाली, आणि ती लोखंडाच्या निमित्ताने मिळाली याचा मला विशेष आनंद झाला.

मंगळवार : चिखला, भंडारा जिल्हा

तुमसर तालुक्यात धानाच्या कापणीनंतरची रिकामी बांधे मागे टाकत आम्ही चिखल्याला पोहोचलो. येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे आणि जवळच्या डोंगरी बुजुर्गला उघडी खाण, जिथले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीसाठी वापरले जाते. खाणकामगारांची बरीच मुले असलेल्या शाळेत मी काळ्या पट्ट्यातील एकाच चौकोनावर बोट ठेवले. मँगनीजचा स्थिर समस्थानिक एकच, मँगनीज-५५. त्याचा मोठा भाग पांढऱ्या बटू ताऱ्यांच्या स्फोटांत कोबाल्ट-५५ म्हणून तयार होतो. कोबाल्ट-५५ चे अर्धायुष्य साडेसतरा तास. त्यापासून लोह-५५ होते, त्याचे अर्धायुष्य पावणेतीन वर्षे. आणि मग मँगनीज. म्हणजे वडिलांनी खाणीतून वर आणलेल्या दगडातील बरेचसे मँगनीज कधीकाळी किरणोत्सारी कोबाल्ट होते आणि मध्यंतरी लोखंडही होते. एक मुलगा वर्ग संपल्यावर खिशातला खनिजाचा तुकडा माझ्यापुढे धरून म्हणाला, "आता यात ते काही नाही ना जी?" नाही, हे मी त्याला खात्रीने सांगितले. सूर्यमाला घडण्याच्याही पूर्वी ते संपून गेले होते.

बुधवार : देवळी परिसर, वर्धा जिल्हा

लांबचा प्रवास असल्यामुळे दिवस रस्त्यातच गेला. संध्याकाळी एका शेतकरी कुटुंबाकडे उतरलो. कापसाची वेचणी सुरू होती आणि तूर शेंगांनी वाकली होती.

अंगणातील बोलण्यात यजमानांनी मातीचा विषय काढला; पावसाळ्यात उताराच्या शेतातून वरची काळी माती वाहून जाते, ती किती जाते हे कसे मोजावे, असे ते विचारत होते. याचे एक उत्तर माझ्याच विषयातून निघते. वातावरणातील नायट्रोजन आणि ऑक्सिजनवर विश्वकिरण आदळून बेरिलियम-७ तयार होते, पावसाबरोबर जमिनीवर येते आणि मातीच्या सर्वांत वरच्या थराला चिकटून बसते. त्याचे अर्धायुष्य ५३ दिवसांचे असल्यामुळे ते एका हंगामाचा हिशेब ठेवू शकते. शेतात कोठे ते कमी झाले आणि कोठे साचले, हे गॅमा किरण मोजून कळते आणि त्यावरून मातीची वाहतूक काढता येते.

हेच बेरिलियम-७ दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात झोताच्या रूपाने तयार करण्यात आले आहे. तेथे लिथियम-७ चा झोत हायड्रोजनवर सोडतात. लिथियमचा एक न्यूट्रॉन जाऊन त्याजागी प्रोटॉन येतो आणि हिरा नावाचे विश्लेषक यंत्र मूळ झोतातून बेरिलियम-७ वेगळे काढते. सूर्याच्या गाभ्यात हे केंद्रक एक प्रोटॉन पकडून बोरॉन-८ होते, आणि त्या बोरॉनपासून निघणारे न्यूट्रिनो पृथ्वीवरील शोधकांनी मोजले आहेत. म्हणून त्याच्या अभिक्रियांचे आकडे सूर्य समजण्यासाठी आवश्यक ठरतात. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्रातही किरणोत्सारी झोतांचे काम चालते, आणि डार्मश्टाटला उभ्या राहत असलेल्या फेअर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत भागीदार आहे. आपल्या देशातील हे काम मराठी वाचकांपर्यंत फार थोडे पोहोचते, ही खंत मी यजमानांजवळ बोलून दाखवली.

गुरुवार : वणी, यवतमाळ जिल्हा

वणीच्या वाटेवर कोळशाचे ट्रक आणि रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेली काळी धूळ दिसू लागली. हा गोंडवन काळातील कोळसा आहे, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे असल्यामुळे या कोळशात त्याचा मूळ अंश उरलेला नाही. उरले ते कार्बन-१२ आणि थोडे कार्बन-१३.

कनिष्ठ महाविद्यालयातील मुले जमली होती, आणि मागच्या बाकांवर गावातील काही वडीलधारी मंडळीही येऊन बसली. मी नकाशावर कार्बनची आडवी ओळ दाखवली. डावीकडून उजवीकडे जावे तसे न्यूट्रॉन वाढत जातात आणि त्यांच्याबरोबर वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनांची एकूण संख्या: १२, १३, १४ आणि तसेच पुढे २२ पर्यंत. ओळीच्या टोकाला असलेले कार्बन-२२ सुमारे सहा मिलिसेकंद टिकते. त्याच्या मधला शेजारी कार्बन-२१ मात्र बांधला जात नाही. म्हणजे कार्बन-२० ला एक न्यूट्रॉन दिला तर तो निसटतो, पण दोन दिले तर तिघे मिळून टिकतात. जपानच्या रिकेन संस्थेत द्रव हायड्रोजनच्या लक्ष्यावर कार्बन-२२ चा झोत सोडून केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात हे केंद्रक अपेक्षेपेक्षा बरेच मोठे आढळले. शेवटचे दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून दूरवर विरळ पसरलेले असतात. अशा केंद्रकांना प्रभामंडळी केंद्रके म्हणतात.

या प्रकारचे पहिले उदाहरण लिथियम-११. इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बर्कली येथील बेव्हालॅक त्वरकावर हलक्या केंद्रकांचे झोत निरनिराळ्या लक्ष्यांवर सोडून किती कण वाटेत अभिक्रिया करून नाहीसे होतात हे मोजले, आणि १९८५ मध्ये असे दाखवले की लिथियम-११ हे लिथियम-९ पेक्षा एकाएकी मोठे आहे. दोन न्यूट्रॉनांना सोडवण्यास तेथे जेमतेम ०.३७ मेगा-इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. नेहमीच्या स्थिर केंद्रकातील एकेका न्यूट्रॉनला साधारण आठ लागतात. पुस्तकांत केंद्रकाची त्रिज्या वस्तुमानांकाच्या घनमुळाच्या प्रमाणात असते असा नियम दिलेला असतो आणि आम्ही सर्वांनी तो पाठ केलेला असतो. लिथियम-११ त्या नियमात बसत नाही. स्थिर केंद्रकांवरून घेतलेला धडा टोकाला जाऊन तपासल्याशिवाय पूर्ण होत नाही, हे मला या एका उदाहरणाइतके स्पष्ट दुसऱ्या कशातही दिसत नाही.

मग ही केंद्रके मिळवतात कशी? येथे दोन मार्ग आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्नमधील आयसोल्ड या केंद्रात, जेथे १९६७ पासून असे झोत तयार होत आहेत, १.४ गिगा-इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडच्या जाड लक्ष्यावर आदळतात. लक्ष्य २,००० अंश सेल्सियसच्या आसपास तापवलेले असते, त्यामुळे आत तयार झालेले अणू झिरपून बाहेर पडतात. मग लेसरच्या नेमक्या रंगाने हवे त्याच मूलद्रव्याचे अणू आयनित करतात आणि चुंबकाने त्यांना वस्तुमानाप्रमाणे वेगळे करतात. झोत अतिशय शुद्ध मिळतो, परंतु लक्ष्यातून बाहेर पडण्यातच जो वेळ जातो, तेवढा वेळ न जगणारे केंद्रक हाती लागत नाही. दुसरा मार्ग रिकेनमध्ये, डार्मश्टाटला आणि २०२२ मध्ये प्रयोगांसाठी खुल्या झालेल्या अमेरिकेतील मिशिगन येथील फ्रिब केंद्रात वापरतात. तेथे जड केंद्रकालाच वेग देतात; रिकेनमध्ये युरेनियमचा झोत प्रकाशाच्या सुमारे ७० टक्के वेगाने बेरिलियमच्या लक्ष्यावर जातो. टकरीत त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे जवळपास त्याच वेगाने पुढे धावत राहतात. या वेगाने सहा मिलिसेकंदांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर जाता येते, आणि वेगळे करणारी चुंबकांची रांग शंभर मीटरही लांब नसते. म्हणून मिलिसेकंद हा या कामात घाईचा काळ नाही, भरपूर मोठा काळ आहे.

त्या तुकड्यांतून हवे ते कसे निवडतात, हे मी सांगत होते. चुंबक कणाला किती वळवतो, ठरावीक अंतर कापायला त्याला किती वेळ लागतो आणि पातळ शोधकातून जाताना तो किती ऊर्जा गमावतो, या तीन मापांवरून प्रत्येक कणाचे प्रोटॉन आणि वस्तुमान निश्चित होते. मागच्या बाकावरील एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "मंजे उफननीच झाली हे. वाऱ्यात दाना जागच्या जागी पडते, भूस दूर जाते." मी त्यांना म्हटले, "आबाजी, अगदी तेच. येथे वाऱ्याच्या जागी चुंबक आहे." पुढचा अर्धा तास मुलांनी त्याच आधारावर प्रश्न विचारले आणि मला माझे शब्द शोधावे लागले नाहीत.

शुक्रवार : यवतमाळ जिल्ह्यातील एक गाव

या दिवशी शाळेपेक्षा बचतगटाच्या महिलांची बैठक महत्त्वाची ठरली. दिवसभर कापूस वेचून त्या सायंकाळी समाजमंदिरात आल्या होत्या. लोखंड, मँगनीज आणि कोळशाची हकिकत ऐकून झाल्यावर एका ज्येष्ठ बाईंनी गळ्यातील डोरल्याला हात लावून विचारले, "मंग सोनं कुठून आलं ताई? ते काही आपल्या जमिनीत निघत नाही." इतर बाया हसल्या नाहीत, सर्वांनाच ते जाणून घ्यायचे होते.

ताऱ्यांच्या गाभ्यात केंद्रके जुळून ऊर्जा मिळते ती लोह-निकेलच्या परिसरापर्यंतच. त्यापुढची जड केंद्रके मुख्यतः न्यूट्रॉन पकडून तयार होतात. हे पकडणे दोन गतींनी होते. संथ गतीत एक न्यूट्रॉन आला की पुढचा येईपर्यंत वर्षे जातात आणि केंद्रक काळ्या पट्ट्याला धरून वर चढते. जलद गतीत न्यूट्रॉनांची इतकी गर्दी असते की केंद्रकाचे विघटन होण्याआधीच एकामागून एक न्यूट्रॉन त्यात शिरतात, आणि ते काळ्या पट्ट्यापासून दूर उजवीकडे, नकाशाच्या कोऱ्या प्रदेशात जाते. या दोन्ही प्रक्रियांची मांडणी १९५७ मध्ये झाली. सोन्याचा मोठा भाग, प्लॅटिनम आणि युरेनियम हे सारे जलद प्रक्रियेचे.

मी नकाशावर ८२ न्यूट्रॉनांची उभी रेषा बोटाने दाखवली. तेथे कवच भरते, म्हणून पुढचा न्यूट्रॉन धरून ठेवणे अवघड होते आणि वाटचाल थांबते. केंद्रकाला वाट पाहावी लागते. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला की मगच पुढे जाता येते. ४८ प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉन असलेले कॅडमियम-१३० हे असे एक थांब्याचे केंद्रक आहे. त्याचे अर्धायुष्य सेकंदाच्या सुमारे आठव्या भागाइतके आहे. ते १९८६ मध्ये आयसोल्डमध्ये प्रथम मोजले गेले, आणि २०१५ मध्ये रिकेनमधील गटाने याच परिसरातील ११० केंद्रकांची अर्धायुष्ये एकत्रित प्रसिद्ध केली; त्यांतील ४० पूर्वी कोणीही मोजलेली नव्हती. थांबा जितका दीर्घ, तितका तेथे साठा जास्त. न्यूट्रॉनांचा पुरवठा संपला की हा साठा पायरीपायरीने विघटित होत स्थिर केंद्रकांपर्यंत येतो, आणि म्हणूनच विश्वात १३० च्या आसपास वस्तुमानांक असलेल्या केंद्रकांचे प्रमाण शेजाऱ्यांपेक्षा उंच दिसते. दुसरे शिखर १९५ च्या आसपास आहे, आणि सोने, म्हणजे सुवर्ण-१९७, त्याच शिखराच्या उतारावर आहे. ते १२६ न्यूट्रॉनांच्या थांब्यामुळे होते.

हे ऐकून त्या बाईंनी विचारले, "मंग सोन्याच्या वाटेवरचे मोजले का तुमी?" प्रामाणिक उत्तर असे आहे की १२६ न्यूट्रॉनांच्या रेषेवरील, सोन्याच्या वाटेतील थांब्याची बहुतेक केंद्रके अजून कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेली नाहीत. ती इतकी जड आणि न्यूट्रॉनांनी इतकी भरलेली आहेत की तुकडे करण्याच्या आजच्या पद्धतीत ती अत्यल्प निघतात. त्यांची आयुष्ये आज सिद्धांतावरून अंदाजली जातात, आणि वेगवेगळे सिद्धांत वेगवेगळे आकडे देतात. नवीन त्वरकांमागे जो आग्रह आहे, त्यातील मोठा वाटा याचा आहे.

जलद प्रक्रिया कोठे घडते, याचा एक पुरावा मात्र निश्चितपणे मिळाला आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो आणि व्हर्गो या उपकरणांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातील गुरुत्वीय लहरी टिपल्या. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या जागी पुढचे काही दिवस जो प्रकाश दिसला, तो ताज्या तयार झालेल्या जड किरणोत्सारी केंद्रकांच्या विघटनाने उजळलेला होता. २०१९ मध्ये त्या वर्णपटात स्ट्रॉन्शियमची खूण ओळखली गेली. अशा लहरी टिपणारे लायगो-इंडिया हे केंद्र आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे, हे सांगितल्यावर बैठकीत एकदम चर्चा सुरू झाली; एका बाईंचे माहेर तिकडचेच होते.

बैठक संपताना सचिव असलेल्या तरुण बाईंनी एवढा खर्च आणि खटाटोप काहून करायचा, असे सरळ विचारले. त्यांच्या सासऱ्यांच्या हाडांची तपासणी नागपूरला झाली होती. त्या तपासणीत टेक्नेशियम-९९ एम वापरतात, त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे असते, आणि ते मॉलिब्डेनम-९९ पासून रुग्णालयातच ताजे काढावे लागते. आयसोल्डच्या शेजारी औषधोपयोगी समस्थानिकांच्या संशोधनासाठी मेडिसिस हे केंद्रही चालते. हे उपयोग खरे आहेत आणि मी ते सांगितले. पण माझ्या मते त्या कामाचे समर्थन केवळ औषधांवर टांगणे योग्य नाही. गळ्यातील सोने कोठून आले, हा प्रश्न त्या संध्याकाळी कोणत्याही उपयोगाशिवाय विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर हवे होते. ते उत्तर मिळवायचे असेल, तर त्या वाटेवरील केंद्रके तयार करावीच लागतील. मी हे असेच सांगितले, आणि सचिवबाईंनी ते त्यांच्या वहीत टिपून घेतले.

शनिवार : लोणार, बुलढाणा जिल्हा

दारव्हा, कारंजा, मालेगाव, मेहकर असा पट्टा ओलांडून आम्ही लोणारला आलो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्टमध्ये उल्काघाताने झाले आहे. बेसॉल्टमधील अशी विवरे पृथ्वीवर विरळ आहेत. २०२० मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. धारेजवळून उतरून आम्ही काठापर्यंत गेलो आणि दुपारनंतर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना भेटलो.

येथे काळाचे माप बदलते. आघाताने वितळलेल्या दगडातील आर्गॉन मोजून २०११ मध्ये या विवराचे वय ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार वर्षे कमीअधिक, असे काढण्यात आले. ते घड्याळ पोटॅशियम-४० चे आहे आणि त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षांचे आहे. त्याच नकाशात, काही चौकोन पलीकडे, मिलिसेकंदांची केंद्रके आहेत. त्यांच्या मधोमध ॲल्युमिनियम-२६ येते, ज्याचे अर्धायुष्य सात लाख वर्षांहून किंचित अधिक आहे, म्हणजे लोणारच्या वयाच्या जवळपास. सूर्यमाला घडताना ते भरपूर होते आणि त्याच्या उष्णतेने लघुग्रह आतून वितळले. १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्केतील मॅग्नेशियम-२६ च्या आधिक्यावरून हे कळले. आजही आपल्या आकाशगंगेतून त्याचे गॅमा किरण येतात, म्हणजे तारे ते आजही घडवत आहेत. ते किती घडते आणि किती नष्ट होते याचा हिशेब लावायचा तर त्यावर प्रोटॉन आदळून काय होते हे मोजावे लागते. कॅनडातील ट्रायम्फ प्रयोगशाळेत ॲल्युमिनियम-२६ चा झोत हायड्रोजन वायूवर सोडून ते मोजले गेले आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नयकुंडला सांगितलेली उलट मांडणी येथेही तीच होती.

अकरावीतील एका विद्यार्थिनीने जादुई संख्या पाठ केलेल्या होत्या. तिने नकाशावर ऑक्सिजनच्या ओळीत ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉनांची जागा शोधून विचारले, "मॅडम, हे दोन्हीकडून जादुई आहे, तर मग सर्वांत पक्के असायला पाहिजे ना? इथे रंग का नाही?" रिकेनमधील गटाने ऑक्सिजन-२८ तयार केले आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. फ्लोरीन-२९ च्या झोतातील केंद्रकाचा एक प्रोटॉन हायड्रोजनच्या लक्ष्यावर उडवला की ऑक्सिजन-२८ उरते. ते तत्काळ ऑक्सिजन-२४ आणि चार न्यूट्रॉनांत फुटते, आणि ते चारही न्यूट्रॉन एकाच वेळी टिपावे लागतात. ते केंद्रक बांधलेले नाही आणि २० चे कवचही तेथे बंद झालेले दिसत नाही.

"मग कॅल्शियमला २० चालते आणि ऑक्सिजनला का नाही?" तिने विचारले. फळ्यावर कक्षा काढून मी तिला दाखवले की न्यूट्रॉनांची पातळी प्रोटॉनांपासून स्वतंत्र नसते. कॅल्शियममध्ये प्रोटॉनांची एक विशिष्ट कक्षा भरलेली असते आणि ती न्यूट्रॉनांच्या एका कक्षेला खाली ओढते, त्यामुळे २० नंतर मोठी फट पडते; ऑक्सिजनमध्ये प्रोटॉनांची ती कक्षा रिकामी असते, म्हणून न्यूट्रॉनांची कक्षा वरच राहते आणि फट २० ऐवजी १६ वर सरकते. ऑक्सिजन-२४ म्हणूनच बांधलेले राहते. तिने लगेच पुढच्या ओळीकडे बोट नेले. तेथे एकच प्रोटॉन जास्त असताना फ्लोरीन-३१ पर्यंत केंद्रके बांधलेली राहतात, म्हणजे त्या एका प्रोटॉनमुळे आणखी सहा न्यूट्रॉन सामावतात. फ्लोरीनची सीमा ३१ वर आणि निऑनची ३४ वर असल्याचे २०१९ मध्ये ठरले, आणि न्यूट्रॉनांच्या बाजूची सीमा आज केवळ निऑनपर्यंत खात्रीने माहीत आहे. सोडियम-३९ हे २०२२ मध्ये दिसले. त्यापुढे सोडियम-४१ टिकते की नाही, हे ती वहीत प्रश्नचिन्ह घालून लिहीत होती, आणि तिच्या शेजारची मुलगी मॅग्नेशियमची ओळ मोजू लागली होती.